जुन्या वाड्याला नवी जोड

सदाशिव पेठेतील एखाद्या शंभर-दीडशे वर्षांच्या घराच्या मालकाने मागील अंगास दोन खोल्या जोडण्याची किंवा वर एक मजला चढविण्याची परवानगी मागावी, ते घर वारसा यादीत असल्यामुळे त्याचा नकाशा वारसा समितीपुढे जावा, आणि तो तेथे पोहोचण्यापूर्वीच शहरातील सुशिक्षितांचे दोन तट पडावेत, हा आपल्या नागरी जीवनाचा आता नित्यक्रम होऊन बसला आहे. एक तट म्हणतो, जुन्याला बोट लावू नका. दुसरा म्हणतो, जुने पाडा आणि मोकळे व्हा. दोन्ही तटांत एक गोष्ट मात्र समान असते. नकाशा कोणीही पाहिलेला नसतो. पुणेकरांच्या वादप्रियतेचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि त्या कौतुकात आम्हीही अधूनमधून सामील होतो. परंतु एखाद्या तुळईवर किती भार येणार आहे हा प्रश्न वक्तृत्वाने सुटणारा नव्हे, आणि चौकात हिवाळ्याच्या दिवसांत ऊन उतरणार की नाही याचा निकाल जाहीर सभेत लागत नाही.

जुन्या घराला नवी जोड देणे हे पाप नाही, असे आम्ही प्रारंभीच स्पष्टपणे सांगून टाकतो. ज्या घरात माणसे राहतात त्या घराच्या गरजा वाढणारच. म्हाताऱ्या आईला जिना चढवत नाही म्हणून खाली खोली हवी, सुनेला स्वतंत्र स्वयंपाकघर हवे, घरात स्नानगृह आणि शौचकूप हवे, या मागण्यांना ‘वारसाद्रोह’ म्हणणारा मनुष्य स्वतः बहुधा कोथरुडात किंवा बाणेरला उद्वाहक असलेल्या इमारतीत राहत असतो आणि सुटीच्या दिवशी पेठेत छायाचित्रे काढावयास येतो. प्रश्न जोड द्यावी की न द्यावी हा नसून, ती देताना जुने घर काय गमावणार आहे आणि गमावलेले पुन्हा परत आणता येण्यासारखे आहे काय, हा आहे. नकाशा तपासणाऱ्याने दुसऱ्या कोणत्याही विचाराच्या आधी हा विचार केला पाहिजे. आज नेमका तोच सर्वांच्या मागून केला जातो, किंवा केलाच जात नाही.

वाडा ही मुळात एका दमात बांधून संपविलेली वास्तू नव्हेच. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि खण हेच त्या घराचे माप. कुटुंब वाढले की खण वाढत, वैभव आले की दुसरा चौक पडे, भाऊ वेगळे निघाले की मधोमध भिंत उभी राही. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, अशी ही रचना. घराचा भार मुख्यतः या लाकडी सांगाड्याने तोलावयाचा आणि विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींनी मधली जागा भरून काढावयाची. त्यामुळे भर घालणे, काढणे, बदलणे हे या बांधणीला परके नव्हते. परके होते ते बेहिशेबीपण. चौक कितीही वेळा वाढवा, पण त्याचे आकाश झाकू नका, ही त्या बांधणीची अलिखित शिस्त होती. कारण चौकातूनच उजेड यावयाचा, चौकातूनच वारा फिरावयाचा आणि पागोळ्यांचे पाणी चौकातूनच मोरीवाटे बाहेर जावयाचे. बाहेरचा दिंडी दरवाजा, देवडी, सोपा, माजघर आणि मागचा चौक यांचा क्रम म्हणजे घरच्या माणसाला आणि आल्यागेल्याला कोठवर यावे हे न बोलता सांगणारी मर्यादा होती. (त्या मर्यादेने बायकांना मागच्या चौकात कोंडले, हेही तितकेच खरे, वाड्याचे गोडवे गाताना त्याची आठवण ठेवलेली बरी.)

याच पेठेत बाजीराव रस्त्यावर उभा असलेला विश्रामबागवाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे दोन लाख रुपये खर्चून तो बांधविला. १८१८ साली राज्य गेले आणि वाड्याचा धनीही गेला. अवघ्या तीन वर्षांत, १८२१ साली, इंग्रज सरकारने तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्यातूनच पुढे पूना कॉलेज आणि मग येरवड्याच्या बाजूस गेलेले डेक्कन कॉलेज निर्माण झाले. मे १८७९ मध्ये बुधवारवाड्याला आणि या वाड्याला आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा समूळ गेला. विश्रामबागवाडा होरपळला, पण वाचला आणि त्याचा जळालेला भाग पुन्हा उभा करण्यात आला. १९३० पासून सुमारे तीन दशके नगरपालिकेचे आणि १९५० मध्ये महानगरपालिका झाल्यावर तिचे मुख्य कार्यालय याच वाड्यात होते. ज्या दिवाणखान्यात पेशव्याने दरबार भरविला तेथे कारकुनांच्या मेजांच्या रांगा लागल्या, टपालकचेरी आली, लाकडी आडोसे उभे राहिले, विजेच्या तारा कोरीव हस्तांवरून धावल्या. निवासस्थान, पाठशाळा, कचेरी, टपालघर आणि अलीकडच्या काळात शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन, इतकी रूपांतरे या एका घराने सोसली.

तरीसुद्धा सुरूच्या झाडाच्या घाटाचे ते खांब, त्यांच्यावरील केळफुले, तो रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा आणि आतले चौक आज आपल्याला पाहावयास मिळतात, याचे कारण काय? आमच्या मते कारण साधे आहे. आडोसे उभे राहिले तसे ते काढताही आले. त्यांनी सांगाड्याला धक्का लावला नाही आणि चौक बुजविले नाहीत. गेल्या दोन दशकांत महानगरपालिकेने टप्प्याटप्प्याने या वाड्याची डागडुजी केली ती शक्य झाली, ती मूळ घर आत शिल्लक होते म्हणूनच. जो वाडा आज आपण पाहतो तो १८१८ चा जसाच्या तसा वाडा नव्हे. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील दुरुस्ती आहे, नगरपालिकेच्या काळातील फेरफार आहेत आणि आपल्या काळातील सुताराचे हातही आहेत. जुनेपणा म्हणजे अस्पर्शपणा, ही समजूत या एका घरापुढे टिकत नाही.

पेठेतील इतर घरांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांच्याविषयी बोलताना आपण नेहमी बांधकाम व्यावसायिकांवर सर्व दोष ठेवून मोकळे होतो. त्यांचा दोष नाही असे कोण म्हणेल? पण पुष्कळसे वाडे व्यावसायिक दारात येण्यापूर्वीच आतून मेलेले होते, आणि त्यांना मारले ते लहान लहान जोडींनी. या जोडींचे नकाशे कधी कोणाकडे गेलेच नाहीत. एका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडे आली. प्रत्येक बिऱ्हाडाला मोरी हवी झाली. ती माडीच्या कोपऱ्यात, थेट कडीपाटावर माती आणि फरशी घालून केली गेली. पुढे नळ वर आला, मग टाकी वर आली. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन एक टन होते. ते वजन ज्या तुळईवर विसावले ती धान्याची पोती आणि माणसांची वर्दळ तोलण्यासाठी घातलेली होती, चोवीस तास उभ्या असलेल्या पाण्यासाठी नव्हे. मोरीची ओल भिंतीत शिरली आणि तुळईचे टोक नेमके त्याच भिंतीत बसविलेले असते. बाहेरून तुळई शाबूत दिसते, रंगही दिलेला असतो, आणि आत भिंतीत तिचे टोक कुजून चाललेले असते. वाळवीला याहून अधिक आमंत्रण लागत नाही.

त्यात भर पडली सिमेंटच्या मोहाची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुराच्या पाण्याने नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळल्या. तो अनुभव घेतलेल्या पिढीला सिमेंट म्हणजेच सुरक्षितता असे वाटू लागले तर त्यात नवल नाही आणि दोष तर मुळीच नाही. परंतु त्या भावनेपोटी उरलेल्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंतींना सिमेंटचे गिलावे चढले. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. सिमेंटचा गिलावा ती आतच कोंडतो. घर बळकट केल्याचे समाधान मालकाला मिळाले आणि भिंत आतून भुसभुशीत होत गेली. मागच्या अंगणात पत्र्याची पडवी, चौकाच्या अर्ध्या भागावर कोबा घातलेली गच्ची, सोप्याच्या पुढे शटर लावलेले दुकान, असे करीत करीत एके दिवशी ते घर ‘मोडकळीस आलेले’ या सदरात जमा झाले. एवढ्या लांबणीचे प्रयोजन इतकेच की, जोडीचा विचार करणारी समिती केवळ दर्शनी भागाचे चित्र पाहून निर्णय देत असेल, तर ती नेमके पाहावयाचे तेच पाहत नाही.

नियम या बाबतीत अगदीच मुके आहेत असे नाही. १९९५ साली मुंबईकरिता वारसा नियमावली झाली. या देशातील अशा प्रकारची ती पहिलीच म्हटली जाते. तिने इमारतींच्या श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीत अत्यावश्यक तेवढाच हस्तक्षेप. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल आणि, काही परिस्थितीत, त्याच आवारात वाढीव बांधकाम. तिसऱ्या श्रेणीत आणखी मोकळीक. अट एकच, की नवे काम उंचीच्या आणि दर्शनी रूपाच्या दृष्टीने मूळ वास्तूशी सुसंवादी असावे व तिचे महत्त्व उणे करणारे नसावे. याच धर्तीवर राज्यातील अन्य शहरांसाठीही तरतुदी झाल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाला जागा आहे. शब्द चांगले आहेत. परंतु ‘सुसंवाद’ हा शब्द असा आहे की, तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या सुरात बोलू लागतो.

या सुसंवादाच्या नावाखाली आपल्या शहरात काय उभे राहते, ते वाचकांनी पाहिलेच असेल. सहा मजली काँक्रीटची इमारत, तळमजल्यावर वाहने, आणि प्रवेशद्वारावर सिमेंटच्या साच्यातून काढलेल्या दोन महिरपी, तपकिरी रंगाने रंगविलेले पोकळ खांब, वर ‘अमुक वाडा’ अशी वळणदार अक्षरांतील पाटी. वाडा गेला आणि नाव राहिले. जुन्या घराला जोडलेल्या नव्या भागावर अशा महिरपी चिकटविल्या की मालकाला वाटते आपण परंपरा राखली आणि परवानगी देणाऱ्यालाही तसेच वाटते. आम्हांला मात्र असे वाटते की, यापेक्षा साधी, सरळ, खोटेपणा न करणारी विटांची भिंत शतपटीने बरी. पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी त्या घरापुढे उभा राहिला, तर जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले हे त्याला कळले पाहिजे. त्याला फसविण्यात कसला आला आहे सुसंवाद?

हा विचार आमचा स्वतःचा आहे असा दावा आम्ही करीत नाही. विलायतेत व्हिक्टोरियन काळात जुनी देवालये ‘मूळ स्वरूपात’ आणण्याच्या भरात शतकानुशतकांची भर खरवडून काढण्याची लाट आली होती. १८७७ साली ट्यूक्सबरी येथील जुन्या देवालयावर असाच प्रसंग येऊ घातला तेव्हा विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने निषेधाची लेखणी उचलली आणि त्याच वर्षी प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. त्याचा रोष ज्या वास्तुकारावर होता तो सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा हिंदुस्थानात पाऊलही न टाकता विलायतेत बसून करणारा तोच गृहस्थ. नवी इमारत उत्तम उभी करणाऱ्या माणसाचा हात जुन्या इमारतीवर चुकू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जी सनद तयार केली तिच्यात हाच विवेक नियमांच्या भाषेत आला : भर घालावयाची तर ती मूळ वास्तूच्या महत्त्वाच्या भागांना, तिच्या परिसराला आणि तिच्या तोलाला बाधा न आणणारी असावी, आणि दुरुस्तीत जे नवे येईल ते नवे म्हणून ओळखू यावे. चुना, सागवान आणि मातीच्या आपल्या घरांना दगडी देवालयांचे नियम सरसकट लावता येणार नाहीत, कारण लाकडाचा कुजलेला खांब बदलणे हे येथे परंपरेतच बसते. तथापि त्यातील प्रामाणिकपणाचा आग्रह येथेही तितकाच लागू आहे.

आपल्याच राज्यात अलीकडे घडलेला एक प्रकार या संदर्भात आठवतो. मुंबईचे भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय ही १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली अस्सल व्हिक्टोरियन वास्तू. तिचा जीर्णोद्धार इतका चांगला झाला की २००५ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार लाभला. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा नवीन दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली आणि २०१४ साली स्टीव्हन हॉल या अमेरिकी वास्तुकाराचा आराखडा निवडण्यात आला. जुन्या इमारतीची नक्कल न करणारी, शेजारी स्वतंत्र उभी राहणारी पांढऱ्या काँक्रीटची इमारत त्यात कल्पिलेली होती. ती कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने : जोड काय असावी हे एका टेबलावर दोन सह्यांनी न ठरता अनेक आराखडे शेजारी शेजारी ठेवून ठरविले गेले. संग्रहालयाचा खर्च आणि व्याप पेठेतील घरमालकाला झेपणारा नाही हे उघड आहे. परंतु दोन पर्याय कागदावर मांडून त्यांची तुलना करणे याला काही कोटी रुपये लागत नाहीत.

आता मालकाची बाजू. वाडा जतन करा असा उपदेश करणाऱ्यांनी एकदा त्याच्या जमाखर्चाची वही उघडून पाहावी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पेठांतील भाडी मूलतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्या काळी युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्या कायद्याने आधार दिला, हे विसरून चालणार नाही. आमचे अनेक वाचक त्याच आधारावर या पेठेत वाढले, शिकले आणि नावारूपाला आले. परंतु पन्नास वर्षे तो आधार मालकाच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवण्यात आला. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. पण मूळ रकमाच इतक्या किरकोळ की त्यांवर चार टक्के म्हणजे चहाचा खर्च. ज्या घराच्या भाड्यातून वर्षाकाठी कौले चाळण्याची मजुरी निघत नाही, त्या घराच्या मालकाला ‘आपण इतिहासाचे विश्वस्त आहात’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. न वापरलेल्या बांधकाम-हक्काचे हस्तांतरण करण्याची सवलत, जिला बाजारात टीडीआर म्हणतात, वारसा इमारतींना नियमांनी दिलेली आहे. ती सामान्य मालकाच्या हाती किती सुलभतेने आणि किती वेळात पडते, यावर तिची खरी किंमत ठरेल. सहहिस्सेदार चौदा, त्यांतले तीन परदेशी, दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद, असे जेथे घरोघर आहे तेथे कागदपत्रांच्या पूर्ततेतच एक पिढी खर्ची पडते.

शिवाय प्रलोभनही रोज वाढत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो मंडईखालून स्वारगेटपर्यंत धावू लागली. वाहतुकीच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. पण स्थानकांच्या परिसरात जादा चटईक्षेत्र देण्याचे जे धोरण आहे, त्यामुळे विश्रामबागवाड्याच्या आसपासच्या प्रत्येक जुन्या घराच्या माथ्यावर एक अदृश्य इमारत तरंगू लागली आहे. तिची किंमत मालकाला ठाऊक आहे, भाडेकरूला ठाऊक आहे, व्यावसायिकाला तर तोंडपाठ आहे. या परिस्थितीत जो मालक घर पाडण्याऐवजी त्याला माफक जोड देऊन राहू इच्छितो, तो शहराचा मित्र समजला पाहिजे. त्याच्या अर्जाकडे संशयाने पाहणारी व्यवस्था त्याला व्यावसायिकाच्या दारात आपण होऊन नेऊन सोडते.

आणि विलंब तर याहून घातक. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. ते तिचे कर्तव्यच आहे. भिंत कोसळून माणसे मेल्यावर वारशाची चर्चा करणे निर्लज्जपणाचे ठरेल. परंतु ज्या घराला एका खात्याकडून ‘ताबडतोब दुरुस्त करा’ असा हुकूम येतो, तेच घर यादीत असल्यास दुरुस्तीपूर्वी दुसरीकडची अनुमती लागते, आणि ती येईपर्यंत पाऊस थांबत नाही. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो आणि त्या अवधीत तुळईचे टोक आणखी वीतभर कुजते. बुधवार पेठेतील भिडेवाड्याचे उदाहरण ताजे आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा सुरू केली ते घर. त्याचे काय करावयाचे हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून तो निकालात निघाला आणि डिसेंबरात ती जीर्ण इमारत स्मारकासाठी उतरविण्यात आली. स्मारक व्हावे ही सर्वांचीच इच्छा होती. पण ज्या भिंतींनी त्या पहिल्या मुलींचा आवाज ऐकला, त्यांतील निदान एखादी खोली सावरून धरून तिच्याभोवती नवे बांधकाम करता आले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा राहिला असेल तेव्हाची वेळ निर्णय होण्याच्या किती तरी आधी निघून गेली होती.

यासाठी आमच्या सूचना मोठ्या नाहीत आणि त्यांना नवा कायदा लागत नाही. वारसा यादीतील घराच्या जोडीचा नकाशा मागताना समितीने केवळ रस्त्यावरून दिसणारे चित्र मागू नये. घर उभे चिरल्यासारखे दाखविणारा छेद मागावा, ज्यात शेजारच्या घरांची उंचीही दाखविलेली असेल. चौकात डिसेंबर महिन्यात ऊन कोठवर येते आणि जोड झाल्यावर कोठवर येईल, हे दोन रेघांनी दाखवता येते. नव्या भागाचा भार जुन्या लाकडावर पडणार की त्याचा स्वतःचा पाया असणार, आणि न्हाणीघरांचे पाणी कोणत्या भिंतीवरून उतरणार, हे लेखी सांगितले गेले पाहिजे. आमच्यापुरते विचाराल तर, जी जोड स्वतःच्या पायावर उभी आहे, चौक मोकळा सोडते, उंचीने मूळ घराच्या आढ्याखाली राहते आणि उद्या काढली तरी मागे जुने घर अभंग सोडते, तिला रूप कसेही साधे असले तरी परवानगी द्यावी. जी जुन्या खांबांत काँक्रीट ओतते, चौकावर छत टाकते किंवा दर्शनी भिंत तेवढी मुखवट्यासारखी ठेवून मागचे सारे घर गिळते, तिला कितीही महिरपी असल्या तरी ती नाकारावी. नाकारताना कारण लिहून द्यावे, आणि काय केले असता परवानगी मिळेल तेही त्याच कागदावर लिहावे. ‘अमान्य’ एवढाच शिक्का मारलेला नकाशा मालकाला काहीही शिकवीत नाही. मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूचेही म्हणणे ऐकून घ्यावे; जोडीमुळे खिडकी बुजणार असते ती बहुधा त्याचीच.

मुदतीचा प्रश्न राहतो. दिवाळीनंतर आलेल्या अर्जाचा निकाल होळीपूर्वी लागावा, म्हणजे मृग लागण्याच्या आत सुताराला आणि गवंड्याला हात चालवावयास तीन महिने मिळतील. सागवान बदलण्याचे आणि चुन्याचे काम पावसात होत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसले तरी पेठेतील प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. दुरुस्तीच्या अर्जांना जोडीच्या अर्जांपेक्षा आधी वाट द्यावी. कुजलेली तुळई बदलण्याला सौंदर्यदृष्टीच्या चर्चेची आवश्यकता नाही.

आणि हे नकाशे लोकांना पाहावयास मिळावेत. महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचा विश्रामबागवाडा पेठेच्या मध्यावर उभा आहे. तेथील एखाद्या दालनात, यादीतील घरांसाठी आलेल्या प्रत्येक जोडीचा नकाशा निर्णयापूर्वी पंधरा दिवस टांगून ठेवावा. शेजारी सध्याच्या घराचे छायाचित्र आणि हरकत लिहावयास एक वही. संध्याकाळी मंडईतून परतताना पिशवी खाली ठेवून तो पाहणारे, त्यातील जिन्याची चूक काढणारे आणि वहीत दोन पाने लिहून जाणारे निवृत्त अभियंते सदाशिव पेठेत कमी नाहीत. त्यांच्या या उत्साहाचा शहराला यंदाच्या दिवाळीपासूनच उपयोग करून घेता येईल.